उभ्या कॉलरचे कुर्ते

लातूरला ट्यूशन एरियाच्या तोंडाशी माझं टेलरिंगचं दुकान आहे. क्लासला येणाऱ्या मुलींचे कुर्ते, सलवारी, बायकांचे ब्लाऊज शिवतो. माझं नाव लालमहंमद, पण गिऱ्हाईक मास्तर म्हणतं.

माझी बायको शबाना दोन वर्षांपूर्वी नांदेडच्या दवाखान्यात वारली. तिला शुगर होती. पायाला जखम झाली, ती भरली नाही, मग किडन्यांवर आलं. एकोणीस दिवस आम्ही तिथं होतो. ती एक्केचाळीस वर्षांची होती. आमची एकुलती एक मुलगी जिक्रा तेव्हा दहावीत होती. आता ती बारावीत आहे आणि नीटची तयारी करते.

शबाना असताना घरात रोज ज्वारीची भाकर आणि एक भाजी व्हायचीच. ती गेल्यावर चाळिसाव्या दिवसापर्यंत नातेवाइकांचे डबे आले. नंतर चूल आमच्या दोघांवर आली. मला खिचडी यायची आणि अंडी. जिक्राला चहा यायचा. मी तिला स्वयंपाकाला लावलं नाही. आई गेलेल्या पोरीच्या हातात पुस्तक सोडून लाटणं द्यायला मला नको वाटलं.

मग कोणी काही न ठरवता एक पद्धत पडून गेली. सकाळी सहाला चहा आणि खारी. क्लासच्या सुट्टीत वडापाव, नाहीतर चिप्सचं पाकीट. दुपारी अभ्यासिकेत नूडल्स. झोप येऊ नये म्हणून पत्र्याच्या डब्यातलं ते गोड पेय, सगळ्याच मुली पितात. संध्याकाळी दुकान बंद करून येताना मी कोपऱ्यावरच्या गाड्यावरून मंचुरियन किंवा फ्राइड राइस आणायचो, सोबत थंड्याची बाटली. पेपर पसरून दोघं जमिनीवर बसून खायचो. तेवढ्याच वेळात ती माझ्याशी बोलायची. फिजिक्सचे सर फळ्यावर लिहितालिहिता स्वतःशीच कसे भांडतात, कोणती पोरगी घरच्या आठवणीनं रडून गावाला निघून गेली, असं सगळं. मला मंचुरियन फारसं आवडत नाही. ती बोलायची म्हणून आणायचो.

तिचे कपडे लहानपणापासून मीच शिवतो. त्यामुळे ती किती वाढली हे घरात सगळ्यांत आधी मला कळतं. अकरावीच्या सुरुवातीला तिची कंबर अठ्ठावीस होती. दिवाळीच्या सुट्टीत तीस. बारावी सुरू झाली तेव्हा चौतीस. वयच आहे, भरणारच, असं मी मनाला सांगितलं. ती क्लासला गेली की तिच्या कुर्त्याच्या बाजूची शिलाई उसवायची, आत सोडलेलं कापड अर्धा इंच बाहेर काढायचं, परत शिवून, इस्त्री करून जागेवर टांगायचं, असं मी करत होतो. तिला कपडा घट्ट लागू नये, तिचं मन खट्टू होऊ नये. शबानाचे कपडेही मी असेच मोठे करत आलो होतो. तिच्या शेवटच्या वर्षी मात्र ते आत घ्यावे लागले.

ऑगस्टमध्ये एक दिवस जिक्रा कापड घेऊन दुकानातच आली.

"अब्बा, याला उभी कॉलर लावा. बंद गळ्याची."

"या उकाड्यात? घामोळ्या येतील की."

"येऊ द्या."

"ओढणी तर घेतेस तू."

"अभ्यासिकेत सगळ्या पोरीच असतात. उकडतं म्हणून तिथं ओढण्या काढून बसतो. माझी मान बघून पुनम म्हणाली, काय गं, तुमच्या घरात साबण येत नाही का?"

तिनं वेणी बाजूला केली. मानेवर मागच्या बाजूला काळा पट्टा होता. जाडसर, बारीक घड्या पडल्यासारखा. हात लावला तर वेल्वेटसारखा लागला. शबानाची मान अशीच होती. ती बेसन आणि लिंबू लावून घासायची आणि लाल करून घ्यायची. मी तिच्या कुर्त्यांचे मागचे गळे वर घ्यायचो. आमच्या घरात तो रंगच आहे असं आम्ही धरून चाललो होतो.

मी कॉलर लावून दिली. कडक कॅनव्हास घालून, पावणेदोन इंच उंच. छान दिसली. आठवड्याभरात तिच्या क्लासच्या मुली तसाच कुर्ता मागायला आल्या. पुनमही आली. महिन्यात मी असे अकरा कुर्ते शिवले. एक दुकानाच्या दारात टांगला. मला बरं वाटत होतं, हे खोटं का सांगू.

सप्टेंबरात रत्नम्मा सिस्टर आल्या. त्या उदगीरकडच्या, इथं सरकारी आरोग्य केंद्रात नर्स आहेत. बोलताना मध्येच कानडी येतं. ब्लाऊजचं कापड काउंटरवर ठेवून त्या टांगलेल्या कुर्त्याकडे बघत राहिल्या.

"काय मास्तर, लातूरच्या पोरी एकदम साध्वी झाल्या का काय? जिला बघावं तिला बंद गळा."

"फॅशन हाय सिस्टर. आमच्या जिक्रापासून सुरू झाली."

"ती कशाला घालते? थंडी वाजून राहिली का तिला?"

मी हसत सांगितलं, "मान जरा काळी पडली तिची. म्हणून झाकून दिली."

त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली. "काळी म्हणजे कशी? उन्हानं, का जाड, घडीघडीची?"

"घडीघडीची. तिच्या आईचीबी तशीच होती."

"आई कशानं गेली?"

"शुगरनं."

"अय्यो मास्तर!" त्या म्हणाल्या. "तो मळ न्हाई. अंगात इन्सुलिन लई वाढलं की मान अशी होते. काखाबी होतात. शरीर ओरडून सांगून राहिलं, अन् तुम्ही त्याला कॉलर शिवून राहिला."

मला राग आला. मी म्हणालो, "सतरा वर्षांची पोर आहे ती. शुगर कशी असते ते मला सांगू नका सिस्टर. मी एकोणीस दिवस बघितली."

"तुम्ही शेवट बघितला. सुरुवात कुठं बघितली? आमच्या केंद्रात मागच्या महिन्यात चौदा वर्षांचं पोरगं आलं होतं. बाप म्हणे, साहेब, याला लई लघवीला लागतं. पोरगं बाटली घेऊनच बसलं होतं हातात, काळ्या थंड्याची." त्या थांबल्या. मग जरा हळू म्हणाल्या, "उपाशीपोटी रक्त तपासून घ्या तिचं. काही न्हाई निघालं तर माझा ब्लाऊज वाकडा शिवा."

त्या गेल्यावर मी मापांची वही काढली. अठ्ठावीस, तीस, एकतीस, चौतीस. सगळं माझ्याच अक्षरात होतं. त्या अकरा मुलींची पानंही बघितली. गळ्याचं माप घेताना मी त्यांच्या माना पाहिल्या होत्या. निदान चौघींच्या तशाच होत्या. पुनमची तर जिक्रापेक्षा जास्त. तेव्हा माझं लक्ष टेपवर होतं.

त्या संध्याकाळी घरी जाताना मी गाड्यावर थांबलो आणि मंचुरियन घेतलं. जिक्रा खातखात बोलत होती आणि मी तिच्या कॉलरकडे बघत होतो. बोलायला तोंड उघडलं नाही. दुसऱ्या दिवशीही घेतलं. तिसऱ्या दिवशीही.

रविवारी दुपारी ती घरी होती. मी म्हणालो, "उद्या सकाळी काही न खाता माझ्यासोबत चल. रक्त द्यायचंय."

"कशाला?"

"तपासायला."

"उद्या टेस्ट आहे माझी."

"परवा जाऊ."

"परवा पण आहे."

"मग नाही कधी?"

"मे महिन्यात." ती वहीतून वर बघत नव्हती.

"जिक्रा, ती मान..."

"मला माहीत आहे, अब्बा."

"काय माहीत आहे?"

"तो काय प्रकार आहे ते. जूनमध्येच मोबाइलवर बघितलं. फोटोसकट." तिनं पेन खाली ठेवला. "पुनम मला काही बोलली नव्हती. ती काय बोलणार, तिचीच मान माझ्यासारखी आहे. मीच नाव घेतलं तिचं."

"मग कॉलर कशाला पाहिजे होती?"

"तुम्हाला रोज समोर दिसू नये म्हणून."

तिनं वही मिटली. ती म्हणाली, "तुम्ही परत नांदेडला जाऊन बसाल. त्या बाकड्यावर. अम्मीच्या वेळी तुम्ही चार-चार दिवस जेवत नव्हता. मी बघितलंय ना. आणि तपासलं नाही तोवर मला काही झालेलं नाही. तपासलं की झालं."

डॉक्टर व्हायला निघालेली पोरगी असं बोलत होती. पण मीही तेच करत होतो, त्यामुळे तिला काय म्हणणार. मी तिला शिलाईचं सांगितलं. म्हणालो, "तुझे कपडे मी गुपचूप सैल करत होतो. वर्षभर."

"तेपण माहीत आहे. दोरा जुळत नव्हता. त्या जांभळ्या कुर्त्याला तुम्ही निळा दोरा लावला."

"मग बोलली का नाहीस?"

"वाटलं, तुम्हाला त्यावर बोलायचं नसेल."

मी उठून पाण्याचा तांब्या आणला. मग ती म्हणाली, "तुम्ही पण रक्त द्याल तर येते. मंचुरियन दोघांनी खाल्लंय."

गुरुवारी सकाळी आम्ही दोघं उपाशी गेलो. लॅबमधल्या माणसानं सुई टोचली तेव्हा तिनं तोंड फिरवलं नाही. शबानाला शेवटी इन्सुलिन तीच टोचायची, पंधरा वर्षांची असताना. मी तोंड फिरवलं.

संध्याकाळी रिपोर्ट आले. माझा नॉर्मल होता. जिक्राची उपाशीपोटीची साखर एकशे बारा, आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारा आकडा सहा पूर्णांक दोन. माझा रिपोर्ट मी घडी करून खिशात टाकला. तो नॉर्मल आल्याची मला लाज वाटली.

डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी जिक्राला समोर बसवून सांगितलं, "हे बघ, शुगर झालेली नाही. पण दारापर्यंत आली आहेस. आई तशी होती म्हणून तुला जास्त जपायला हवं. गोळी देत नाही. इथून परत फिरता येतं, तुझ्या वयात तर नक्कीच. आधी बाटल्या आणि डब्यातली पेयं बंद. सकाळी खारी नाही, खरं काहीतरी खायचं. रोज अर्धा-पाऊण तास चालायचं. आणि झोप."

"झोप मे महिन्यानंतर," जिक्रा म्हणाली.

"मीपण नीट दिलीये. सात तास झोपूनच दिलीये," बाई म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून विचारलं, "घरी स्वयंपाक कोण करतं?"

जिक्रानं माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "मी करीन."

नांदेडला इतवारा भागात शबानाची आई असते, बेगमबी. मी फोन करून सांगितलं. दोन दिवसांत म्हातारी एसटीनं येऊन उभी राहिली. हातात बालूशाहीचा पुडा. पोरीची परीक्षा आहे म्हणून.

"पोर जरा अंगानं भरली तर तू तिला आजारी करून टाकलंस," पिशवी ठेवायच्या आत ती मला म्हणाली. "कुणाकुणाला सांगितलंस?"

"कुणाला नाही अजून."

"सांगूबी नको. दोन वर्षांनी स्थळं बघायचीत. पोरीच्या नावाला शुगर लागली तर कोण उंबरा चढंल?"

आतून जिक्रा ओरडली, "नानी, मला स्थळ नको, मार्क पाहिजेत!"

"तू गप. अभ्यास कर." मग माझ्याकडे वळून, आवाज बारीक करून, "एक खाल्ली तर काय होतंय? दे तिला."

मी सासूला आजपर्यंत उलट बोललो नव्हतो. तेव्हा बोललो. म्हणालो, "अम्मा, शबानाचंही आपण कोणाला सांगितलं नव्हतं. सहा वर्षं. लग्नात सगळ्यांसोबत बसून ती गोड खायची, का तर नको म्हटलं की लोक विचारतील. तुम्हीच वाढायच्या. मी बघायचो."

बेगमबी बराच वेळ पदरानं डोळे पुसत बसली. मग उठली, बालूशाहीचा पुडा घेऊन शेजारच्या घरी देऊन आली, आणि मला म्हणाली, "पीठ हाय का ज्वारीचं? परात दे."

चार दिवस तिनं मला भाकर शिकवली. पाणी किती कडक, पीठ किती मळायचं, थापताना हात कुठं ठेवायचा. पहिल्या दिवशी माझी भाकर उचलून तिनं उजेडात धरली. "ही भाकर हाय का कुर्त्याची बाही? टेप आण तुझी, मापून कर." चौथ्या दिवशी एक भाकर फुगली. म्हातारी म्हणाली, "आता जाते मी. पण पोरीला कच्ची घालू नको."

ती गेल्यावरचे दिवस अवघड गेले. मी भाकर आणि मेथी, नाहीतर डाळ, नाहीतर अंड्याचं कालवण करायचो. पेपर पसरायचं कारण उरलं नाही, ताटं होती. जिक्रा जेवायची आणि उठायची. बोलणं बंद झालं. एकदा म्हणाली, "सगळ्या पोरी खातात, मीच एकटी डबा उघडून बसते म्हातारीसारखी." मी म्हणालो, "मी काय करू?" ती म्हणाली, "काही नाही. बोलून राहिले नुसतं." एका संध्याकाळी मी गाड्यासमोर उभा राहिलो. तव्याचा आवाज ऐकला. गाडीवाल्यानं सवयीनं पिशवी काढली, "मास्तर, हाफ का फुल?" मी म्हणालो, "काही नाही रे," आणि घरी आलो. घरी आल्यावर तिच्या खोलीचं दार लावलेलं होतं. तेव्हा मला वाटलं होतं की पोरीची तब्येत राखता राखता पोरगी हातातून जाणार.

चालण्याचं तिनं रिक्षा सोडून सुरू केलं. घरापासून क्लास अडीच किलोमीटर. सकाळी अंधार असतो म्हणून मी सोबत जाऊ लागलो. पहिले आठ दिवस ती कानात वायर घालून पुढं चालायची आणि मी मागं. मग एक दिवस वायर घरी राहिली. पाण्याच्या टाकीजवळ आल्यावर ती म्हणाली, "अब्बा, त्या फिजिक्सच्या सरांनी काल स्वतःलाच शून्य मार्क दिले." आणि क्लासच्या दारापर्यंत बोलत राहिली. त्या दिवशी मी येताना रस्ता चुकलो, दुकानाच्या पुढं निघून गेलो होतो.

उभ्या कॉलरचे कुर्ते मागायला मुली अजून येतात. मी शिवून देतो, ते माझं काम आहे. पण गळ्याचं माप घेताना मान तशी दिसली तर मी सांगतो, "बेटा, घरी सांग, एकदा उपाशीपोटी रक्त तपासा." दोघी-तिघींनी तोंड वाकडं केलं. एकीची आई दुकानात येऊन भांडून गेली, तुम्ही शिंपी आहात का डॉक्टर म्हणून. कपडा परत घेऊन गेली. एकीनं मात्र तपासलं.

तीन महिन्यांनी, डिसेंबरात, जिक्रानं परत रक्त दिलं. या वेळी ती एकटीच गेली. मला दुकान होतं. संध्याकाळी समोर गिऱ्हाईक उभं होतं, हातात टेप होता, तेवढ्यात तिचा फोन आला.

"अब्बा, रिपोर्ट आला. सहा पूर्णांक एक."

आकडा जास्त उतरेल असं मला वाटलं होतं. इतक्या भाकरी थापल्या होत्या.

"ऐका ना," ती म्हणाली. "प्रिलिमच्या दोन आठवड्यांत मी रोज वडापाव खाल्ला. बाटलीपण प्यायले चार-पाचदा. डबा रिकामा यायचा ना, तो पुनम खायची."

"पुनम?"

"हाव. तिच्या मेसमध्ये नुसता भात आणि बटाटा असतो."

गिऱ्हाईक घड्याळाकडे बघत होतं. मी बाहेर आलो. रस्त्यावर क्लास सुटलेल्या पोरापोरींची गर्दी होती, प्रत्येक गाड्यावर.

"तिला आवडायचा का डबा?" मी विचारलं.

"मीठ कमी असतं म्हणाली."

"बरं. सोमवारपासून दोन डबे देतो. पण मग तुझा तू खायचा."

"खाईन."

"आणि तिचं रक्त?"

"ती घाबरते, अब्बा. म्हणते, गावाकडं कळलं तर घरचे शिक्षण बंद करून परत बोलावतील."

मी जरा विचार केला. म्हणालो, "तिला म्हणावं, मी तिच्या वडिलांशी बोलतो. तपासायला तू जा तिच्यासोबत. कधी सुट्टी आहे?"

"गुरुवारी."

"मग गुरुवारी जा," मी म्हणालो आणि आत येऊन त्या बाईच्या खांद्याचं माप पुन्हा घेतलं, कारण मधल्या वेळात मी ते विसरलो होतो.